गाडीत कोणीतरी बसायला हवं

सोमवार, ३ तारीख

नोकरीही मिळाली आणि घरही! वर्कशॉपच्या मागच्या दोन खोल्या मालकांनी आम्हा बापलेकींना दिल्या. एकीत माझा पलंग, दुसरीत आप्पांची खाट आणि त्यांचा खरखरणारा रेडिओ. पाणी भरपूर, सकाळचं ऊन थेट ओट्यावर. मालक म्हणाले, जुन्या गाड्यांचं वायरिंग करणारी बाई पंचवीस वर्षांत पाहिली नाही. मी म्हटलं, आता रोज दिसेल. ते मोकळं हसले. आप्पांना माणूस पसंत पडला.

हे काम मला आप्पांनीच शिकवलं. चाळीस वर्षं त्यांनी गाड्यांचे दिवे लावले. आता हात थरथरतात, दुपारी काय जेवले ते आठवत नाही, पण वायरींचे रंग तोंडपाठ. वर्कशॉपचा वास आल्याबरोबर त्यांची पाठ ताठ झाली. किती दिवसांनी.

मंगळवार, ४

पहिली गाडी. हिरवी, गोल डोळ्यांची, माझ्याहून वयाने मोठी. ट्रकवर चढवून आणली होती. मालकीण एक वयस्क बाई. त्यांनी किल्ली दिली आणि गाडीकडे न बघताच निघून गेल्या.

तक्रार साधी आहे. पुढचे दिवे मिणमिणतात. डावा इंडिकेटर दिला की मागचा दिवाही त्याच्या तालावर लुकलुकतो. आप्पांनी स्टुलावर बसूनच निदान केलं, अर्थिंग गेलंय. बॅटरीतून निघालेला करंट दिव्यातून जातो आणि गाडीच्या पत्र्यातून बॅटरीकडे परततो. पत्रा गंजला की ती वाट बुजते. आप्पांचं म्हणणं असं की करंट म्हणजे सासुरवाशीण. एक वाट बंद केलीत तर दुसरी शोधेल, पण माहेरी जाणार म्हणजे जाणार.

पुढची सलग सीट काढून भिंतीला टेकवली. खालच्या वायरी तपासायच्या आहेत.

बुधवार, ५

सगळे जोड पॉलिश पेपरने घासून चकचकीत केले. बॅटरीपासून नवी अर्थ केबल टाकली. दारातून हात घालून बटण दाबलं, तर होते ते दिवेही गेले! मीटर म्हणतो सगळं ठीक. दिवे म्हणतात नाही. मालकांनी टोमणा मारलाच, बाईची गाडी बाईचं ऐकेल असं त्यांना वाटलं होतं म्हणे. ते उद्यापासून सोमवारपर्यंत बाहेरगावी आहेत. ते यायच्या आत दिवे लागलेच पाहिजेत. नवी नोकरी, डोक्यावरचं छप्परही तिच्याच भरवशावर.

गुरुवार, ६

लागले!

ब्रेकचा दिवा बघायला दोन माणसं लागतात, एक पेडलवर, एक गाडीच्या मागे. म्हणून सीट परत बसवली आणि आप्पांना आत बसवलं. ते बसले मात्र, पुढचे, मागचे, छतातला, सगळे दिवे एकदम लख्ख. समोरची भिंत दुपारच्या उजेडातही पांढरी झाली. आप्पा म्हणाले, कोणाचा हात लागलाय ते बघ.

पण ते उतरले की दिवे बंद. बसले की चालू. सीटवरच्या वजनाने एखादी वायर दबत असेल, तर ती सापडेपर्यंत कोणीतरी बसायलाच हवं. आप्पा दिवसभर बसले. मी हाक मारायची, दाबा, सोडा. ते लहान मुलासारखे खूश. माझ्यावाचून तुझं अडतं, असं तीनदा म्हणाले. मीही म्हटलं, अडतंच.

सीटखाली दबणारी वायर नाही. एकही नाही.

रात्री आप्पा न जेवताच झोपले. दमले असतील.

शुक्रवार, ७

मी उठले तर खाट रिकामी. आप्पा गाडीत. दिवे चालू. केव्हापासून बसलेत, त्यांनाही सांगता येईना. म्हणाले, इथे गुडघे दुखत नाहीत.

उजेडात नीट पाहिलं. सदरा खांद्यावरून ओघळतोय. मनगटातलं घड्याळ कोपरापर्यंत सरकलंय. बोटं बर्फ. काच खाली करून चहा दिला, तो हातातच निवला.

अर्थ केबल काढली. दिवे चालूच.

फ्यूज काढले. चालूच.

बॅटरी उचलून बाहेर ठेवली. बॅटरी माझ्या पायाशी फरशीवर आहे. दिवे चालू आहेत.

मग करंट कुठून —

संध्याकाळी मालकीणबाईंना फोन केला. त्यांनी पहिलं विचारलं, आत कोण बसलंय. मी म्हटलं, वडील. त्या रडायलाच लागल्या. त्यांचे यजमानही दिवे तपासायला म्हणून बसले होते. सहा दिवस. सातव्या दिवशी दिवे गेले, तेव्हा सीटवर नुसते कपडे होते. मी ओरडले, आधी का नाही सांगितलंत. त्या म्हणाल्या, मला वाटलं, तुम्ही दुरुस्त कराल.

शनिवार, ८

आप्पांना काखेत धरून बाहेर ओढलं. वजनच नाही. उशी उचलल्यासारखं. फरशीवर ठेवलं, तर श्वास नाही. छातीवर कान ठेवला. काही नाही. काहीच नाही.

परत आत बसवलं.

आधी दिवे लागले. मग त्यांनी श्वास घेतला.

डॉक्टरांना फोन केला. म्हणाले, घेऊन या. कसं आणू?

आप्पांनी विचारलं, दाबू का? मी तोंड फिरवून म्हटलं, नको, जरा थांबा. इतका हलका आवाज. आणि दिवे कालच्यापेक्षा पांढरे.

मीच बसवलं त्यांना. मीच म्हटलं, अडतं.

रविवार, ९. सकाळ

रात्रभर विचार केला. आप्पांनीच शिकवलं होतं, चालू लाइनमधली जुनी वायर एकदम तोडायची नाही. आधी शेजारून दुसरी जोडायची. भार तिच्यावर आला की मगच जुनी काढायची.

शेजारून दुसरी.

धाकट्या बहिणीला फोन केला. तिला एवढंच सांगितलं, आप्पांना न्यायला ये, आत्ताच्या आत्ता. तासाभरात पोहोचते म्हणाली. कारण विचारलं. ताई आहे ना मी, ऐक, म्हटलं.

दहा वाजता

बसले. आप्पांच्या शेजारी. ही वही मांडीवर. छतातला दिवा आहे, लिहायला पुरतो.

थंडी नाही. उलट बरं वाटतंय. हेच वाईट. खांद्याचं दुखणं पार गेलं.

आप्पांचा हात धरलाय. बोटं कोमट होताहेत. कोमट. खरंच —

सव्वादहा

उतरा म्हटलं तर ऐकेनात. मग म्हटलं, मागचे दिवे लागतात का, जरा बघून सांगता? कामाचं म्हटल्यावर लगेच उतरले. स्वतःच्या पायांनी! मी स्टिअरिंगपाशी सरकले.

मागून आवाज आला, लागलेत, लागलेत! जुना आवाज. खणखणीत.

आता धाकटी आली की झालं. आप्पा, तिच्याबरोबर जा. धाकटे, गाडीजवळ येऊ नकोस. मला ओढू नकोस. गाडीत कोणालाही —

अंगठी सैल झाली. पडली.

आप्पा पुढे आलेत. दिव्यांसमोर उभे. गालांवर रंग. माझ्याकडे बघून हसताहेत. हाताने दाखवताहेत, झकास.

जा म्हटलं. आवाज फुटला नाही. हात हलवला. त्यांना वाटलं, बोलावते आहे.

येताहेत — मला एकटीला कसं बसू देतील — कधीच नाही दिलं —

पलीकडच्या दाराशी आलेत. कडी घातली आहे मी. घातली होती ना? हात पोचत नाही. काचेवर ठोकताहेत. म्हणताहेत, सरक जरा, मी पण ब

आप्पा, न