जाहिरातीपुरतं बोलणं

प्रिय आई,

काल संध्याकाळी अण्णांनी पेपर फाडला. सरकारी रेडिओवरही आता गाण्यांच्या मधे जाहिराती घालणार, अशी बातमी होती. ती वाचली आणि आधी उभा फाडला, मग आडवा, मग पायाखाली घेऊन तुडवला. मी स्वयंपाकघरात भाकऱ्या थापत होते. मला हसू फुटलं, आणि हसता हसता अशी काही चीड आली की हातातली भाकरी मी भिंतीवर मारली. बसली तिथेच चिकटून. म्हणून तुला लिहायला बसले आहे. रविवारी तुझं वर्षश्राद्ध. त्याच्या आत मला हे सगळं एकदा बोलून टाकायचंय, आणि या घरात बोलायचं तर दुसऱ्या कुणाशी बोलू?

पहिला रेडिओ आला तेव्हा तू किती नटली होतीस, आठवतं? सगळ्या वठाराला हळदीकुंकवाला बोलावलंस आणि रेडिओलाही कुंकू लावलंस. आपल्या अंगणाभोवतीच्या सगळ्या बिऱ्हाडांत, अख्ख्या वठारात तो पहिला. शेजारच्या कमलम्मा "स्वल्प मोठा करा" म्हणाल्या, तर अण्णा हसून म्हणाले, याच्याहून मोठा होत नाही. खरंच होत नव्हता. फॅक्टरीत हॅमर शॉपमध्ये वर्षानुवर्षं लोखंडावर घण पडताना ऐकून त्यांचे कान निम्मे गेलेच होते. त्यांना ऐकू येईल इतका रेडिओ लावला की मल्लेश्वरमच्या देवळापर्यंत गाणं जायचं!

आणि गाणं हवं लंकेच्या स्टेशनचंच. सरकारी केंद्रावर भाषणं नि खतांची माहिती फार, म्हणायचे. लंकेवर सिनेमाची गाणी, एकामागून एक. पण एक गाणं झालं की तो गुळगुळीत गळ्याचा माणूस यायचा आणि दंतमंजन, केसांचं तेल, डोकेदुखीचा बाम सुरू! अण्णांचा चेहरा बघावा तेव्हा. मानेच्या शिरा टरारायच्या. "गळा दाबीन याचा," म्हणायचे, आणि खरंच दाबला असता, तो माणूस समुद्रापलीकडे होता म्हणून वाचला. पितळेचा पेला रेडिओवर बसलाय, छत्री बसलीय, एकदा तर गरम कॉफीसकट लोटा गेला तो कॅलेंडरवर आपटला. मी पाढे म्हणावे तशी ती तेलाची जाहिरात गुणगुणले, तर माझ्या पाठीत असा धपाटा बसला की श्वास अडकला माझा. आठवीत होते गं मी. गाणं नाही, जाहिरात म्हटली म्हणून मार! तू मला पोटाशी घेतलंस आणि मलाच म्हणालीस, "त्यांच्यासमोर नको म्हणू की." त्यांना काही का नाही म्हणालीस?

मग ते पायाचं बटण आलं. फॅक्टरीत मशीन झटकन थांबवायला पायानं दाबायची पट्टी असते, तसलीच एक त्यांनी घरी बनवली. आरामखुर्चीखाली बसवली, वायर नेऊन रेडिओला जोडली. जाहिरात आली की पाय दाबायचा, आवाज गप्प. मनातल्या मनात अंदाज घ्यायचा आणि गाण्याच्या वेळेला पाय उचलायचा. आठवड्याभरात असे तरबेज झाले की गाण्याचा पहिला सूरसुद्धा चुकेना. वठारातली माणसं हे बघायला यायची, आणि अण्णा खुर्चीत बसून कारखान्याच्या मालकासारखा पाय हलवायचे.

आई, तेच आपल्या घराचे चांगले दिवस होते. तुला तरी ते ठाऊक होतं का? गाणं चालू असताना अण्णांशी बोलायची सोय नव्हती. ओरडूनही ऐकू जायचं नाही, आणि गेलंच तर काहीतरी अंगावर यायचं. सकाळी अंधारात फॅक्टरीची बस, रात्री जेवण झालं की घोरणं. पण पाय दाबला की घरात एकदम शांत व्हायचं, आणि तेवढ्या शांततेत त्यांना हळू आवाजातलंही ऐकू यायचं. आपण दोघी टपून असायचो. माझी शाळेची सहल दंतमंजनात मंजूर झाली. मास्तरणीच्या ट्रेनिंगला जायची परवानगी मी तेलात मागितली, बाममध्ये त्यांनी "सरी, बरं, जा" म्हटलं. त्यांचं बेळगावच्या आत्याशी झालेलं भांडण तू साबणाच्या जाहिरातीत मिटवलंस, त्यांच्या खुर्चीशी बसून, दंडावर हात ठेवून. गाणं सुरू व्हायच्या आत तुझं वाक्य कसं नेमकं संपायचं! कुठे शिकलीस? लोक जाहिरातींना शिव्या देतात. मला तर त्या माणसाचा गुळगुळीत गळा आला की वाटायचं, चला, आता अण्णा भेटतील.

मग गेल्याच्या गेल्या साली दुसरा रेडिओ आला. कँटोन्मेंटमधलं एक गोरं कुटुंब देश सोडून चाललं होतं, त्यांच्याकडून अण्णांनी उचलून आणला. दोन्ही शेजारी शेजारी मांडले. एकावर लंका, दुसऱ्यावर सरकारी केंद्र. पायाची पट्टी अशी बदलली की दाबली की लंका गप्प आणि त्याच क्षणी सरकारी सुरू. तिकडे जी काही सतार, सनई, भजन असेल ते वाजत राहायचं. जाहिरात संपली की पाय उचलून पुन्हा लंका. संध्याकाळभर आवाजाला खंड म्हणून नाही.

ज्या दिवशी ते जोडून झालं त्या दिवशी त्यांनी तुला मुद्दाम बोलावलं. हात पुसत आलीस तू. "बघ, तुलाही आता मधे ती बडबड ऐकायला नको," म्हणाले. तुझ्यासाठी केलं होतं त्यांनी ते, निदान त्यांना तसं वाटत होतं. आणि तू काय म्हणालीस? "छान झालं हो."

छान झालं? आई, तेव्हाच ती वायर उपटून का नाही फेकलीस? विळी होती, कोयता होता, मोरीत कपडे धुवायचं धोपाटणं होतं! मी आज एवढी संतापते, तर तुझ्या अंगात थोडाही राग कसा नव्हता? की होता, आणि तो तू कुठे ठेवायचीस?

त्यानंतर तू बारीक होत गेलीस. मी विचारलं तर म्हणायचीस, उन्हाळा गं. श्रावण आला तरी तुझा उन्हाळाच. संध्याकाळी मी शाळेच्या वह्या तपासत बसायचे आणि तू सवयीनं बाहेर यायचीस, लंकेचं गाणं संपायच्या बेतात असताना. खुर्चीशी बसायचीस. दंडावर हात ठेवायचीस. अण्णांचा पाय खाली जायचा आणि सतार सुरू व्हायची. तुझं तोंड उघडलेलं असायचं. मग ते मिटायचं आणि तू आत जायचीस. मला वाटायचं गाणं ऐकायला येतेस. अण्णांनाही तेच वाटायचं. एकदा लाडानं म्हणाले, "आता तुलाही गोडी लागली की." तुझा हात दंडावर असायचा ना, आवडायचं त्यांना ते.

दवाखान्यात नेलं तेव्हा फार उशीर झाला होता. नळावर चक्कर येऊन पडलीस म्हणून नेलं, नाहीतर तेही नाही. डॉक्टरीणबाई अण्णांवर कडाडल्या की इतके महिने अंगावरून जातंय, गर्भाशय पार नासलंय, आणि तुम्ही आज आणता? अण्णा त्यांच्यासमोर रडायला लागले. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आणि तिथेच ते वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं, "एका शब्दानं बोलली नाही हो मला." तेव्हा मला त्यांची कीव आली. तुझा राग आला. बाईमाणसानं नवऱ्यापासून इतकं लपवावं?

तू गेलीस. जो येईल त्याला अण्णा तेच सांगायचे. काकांना सांगितलं, आत्याला सांगितलं, फॅक्टरीतल्या लोकांना सांगितलं. "एका शब्दानं बोलली नाही. सगळं पोटात ठेवून गेली." लोक मान हलवायचे, म्हणायचे, घुमी होती बिचारी. तू घुमी! जी साबणाच्या जाहिरातीत अख्खं भांडण मिटवायची ती!

तेराव्याला सगळ्यांची जेवणं झाल्यावर मी मागे मोठी पातेली घासत होते. कमलम्मा मदतीला आल्या. माजघरातून अण्णांचं तेच वाक्य ऐकू आलं, आणि कमलम्मांनी हातातली राख खाली टाकली. कानडीत हळूच म्हणाल्या, "खोटं आहे. रोज सांगायला जायची ती."

मग सगळं सांगितलं त्यांनी. तू त्यांना पहिल्यांदा कधी सांगितलंस, त्यांनी तुला यजमानांना सांग म्हणून कसं बजावलं. तू म्हणालीस, ओरडून सांगायची गोष्ट आहे का ही? भिंतीला भिंत आहे, लग्नाची पोर घरात आहे, वठारातले पुरुष ओट्यावर बसलेत. त्यांना तर ओरडल्याशिवाय ऐकू येत नाही. मधे आवाज थांबला की कानाशी जाऊन सांगीन. आणि आवाज थांबतच नव्हता. कमलम्मा म्हणाल्या होत्या, मी येते तुझ्याबरोबर दवाखान्यात. तर म्हणालीस, त्यांना न विचारता कशी येऊ? रोज संध्याकाळी पदर खोचून बाहेर जायचीस, आणि दुसऱ्या दिवशी नळावर कमलम्मांनी विचारलं की म्हणायचीस, आज सांगते.

त्याच संध्याकाळी पाहुणे ओसरीवर बसलेले असताना अण्णांनी रेडिओ लावला. सुतक फिटलं होतं ना! लंकेचं गाणं संपलं, पाय खाली गेला, सरकारी सनई सुरू झाली. मी पाट्यावरचा वरवंटा उचलला. आई, मी काय केलं ते मी तुला मुळीच पश्चात्ताप न करता सांगते. पहिला घाव लंकेवर घातला. काच फुटली, आतले दिवे फटाफट फुटले, ठिणगी उडाली. दुसरा सरकारीवर. त्याचं लाकूड चिवट होतं, चारदा घालावा लागला. मग पायाची पट्टी. ती मी जमिनीत जाईपर्यंत ठेचली. तळहात फाटून माझं रक्त वरवंट्यावरून ओघळत होतं आणि मला ते बघून बरं वाटत होतं. अण्णांनी येऊन माझे केस धरले, हात उगारला. मी त्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि मनगट धरलं त्यांचं. घण चालवलेला हात तो, पण मला हलवता आला नाही त्यांना. काकांनी आम्हाला सोडवलं.

आणि तेव्हा ते म्हणाले, "का गं, का केलंस?" घर शांत होतं. त्यांना ऐकू आलं असतं. पण काका होते, आत्याचे मिस्टर होते, ओट्यावर माणसं होती. दिवसभर वर्गात घसा फोडून शिकवणारी मी, पण तो शब्द काही बाहेर येईना. तुझीच मुलगी शेवटी! आत्या म्हणाली, दुःखानं डोकं फिरलंय पोरीचं. अण्णांनीही तेच धरलं. तेही आता सगळ्यांना सांगतात, तुझ्याबद्दलच्या त्या वाक्याच्या जोडीला.

आता नवा रेडिओ आलाय, जोडीला दुसराही आणायच्या बेतात होते. काल पेपर तुडवून झाल्यावर अण्णा सोल्डरिंगची डागणी तापवून बसले. दोन्हीकडे जाहिराती आल्या की ते दोन सेटचं तंत्र काय कामाचं? पुन्हा नुसतं गप्प करणारं बटण बनवतायत. मी दारात उभी राहून बघत होते. म्हणजे आता पुन्हा मधे मधे शांतता होणार आपल्या घरात, भरपूर होणार. तुला हवी होती तेव्हा मात्र तिचा एक तुकडा मिळाला नाही. ती तापलेली डागणी घेऊन त्यांच्याच हाताला लावावीशी वाटली मला, खरं सांगते. मग बघितलं तर त्यांना वायर जुळवता येत नव्हती, पुन्हा पुन्हा निसटत होती. म्हातारे झालेत गं. मी काही केलं नाही. आत येऊन सुकलेली भाकरी भिंतीवरून खरवडून काढली.

रविवारी सगळे येतील. ब्राह्मणांची पानं उठली की काका तुझा विषय काढतील, आणि अण्णा डोळे पुसून म्हणतील, एका शब्दानं बोलली नाही मला. आई, तुला माझा शब्द आहे. त्या वेळी मी कोपऱ्यात नेऊन त्यांच्या कानाशी बोलणार नाही, रेडिओ बंद व्हायची वाट बघणार नाही. भरल्या पंक्तीत, दारं उघडी असताना, काका, आत्याचे मिस्टर, ओट्यावरचे पुरुष, सगळ्या वठाराला ऐकू जाईल इतकं मोठ्यानं मी ओरडून सांगणार आहे: "अण्णा, आईच्या अंगावरून रक्त जात होतं, आणि ती तुम्हाला रोज सांगायला येत होती."

तुझी,
शकू