आईला गाडी लागते

सेरंगून, सिंगापूर

दादा,

इकडे आम्ही मजेत. फोन तू मध्येच कापतोस, म्हणून पत्र.

आपल्या सगळ्यांच्या युरोपच्या छोट्या ट्रिपसाठी कार, ट्रेन की बस, असं तू विचारलंस. “आईला गाडी लागते,” एवढंच मी कळवलं. तुला वाटलं तिला गाडीच हवी, आणि कार बुक करून मोकळा झालास!

अरे, उलट्या होतात तिला! इथल्या शाळेत शिकणाऱ्या माझ्या श्रियालाही एवढं मराठी कळतं. तुला कसं कळणार? महाबळेश्वरच्या घाटात तू पुढे बाबांशेजारी गाणी म्हणायचास. मागे आईपुढे पिशवी धरून मी बसायचे.

तिचा गुडघा कसा आहे?

मुकाट्याने ट्रेनची तिकिटं काढ. नाहीतर कार राहू दे. या वेळी पुढे मी बसेन, पिशवी तू धर.

तुझी बहीण,
क्षिप्रा