पिवळ्यात हिरव्याचा एक थेंब

तीर्थरूप दादा,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (कंबर हल्ली पूर्ण वाकत नाही, तेव्हा जेवढी वाकली तेवढी गोड मानून घ्यावी.) इकडे आम्ही सगळे मजेत आहोत, तिकडे आपणही असालच. वहिनींचा गुडघा काय म्हणतो? आपली साखर काय म्हणते? मागच्या पत्रात आपण लिहिलं होतंत की, साखर तिच्या जागी आहे, आपण आपल्या जागी आहात, आणि काही दुखत नसताना तपासण्या करत फिरणं हे रिकामटेकड्यांचं काम आहे. त्याच पत्रात चार ओळी खाली असंही होतं की, हल्ली संध्याकाळी चपला घट्ट होतात, कारण आजकालचे चपलावाले मापात मारतात. सकाळी बरोबर बसणारी चप्पल संध्याकाळी कोणता चपलावाला येऊन आखूड करून जातो, ते मला अजून कळलेलं नाही. असो. दरवाजाबद्दल आपण शेवटी जे लिहिलंत त्याचा मी निषेध करतो. दरवाजा हिरवा होता.

(तुझी पत्रं वहिनी आधी फोडतात म्हणून एवढा वेळ अहो-जाहो केलं. एव्हाना त्या कंटाळून उठल्या असतील, तेव्हा आता नेहमीसारखं अरे-तुरे करतो.)

अकरा वर्षं झाली रे त्या दरवाजाला! अण्णांनी आपल्या हाताने कालवलेला शेवटचा रंग त्यांच्या कामाच्या खोलीच्या दाराला लावला. पुढे अण्णा गेले, आपण वडिलांचं घर विकलं, नव्या मालकांनी ते दार काढून लोखंडी बसवलं, जुनं जळणात गेलं, आणि आपण दोघं जन्मभर रंग जुळवून पोट भरलेले सख्खे भाऊ प्रत्येक पत्राच्या शेवटी भांडतोय. तू म्हणणार पिवळा, मी म्हणणार हिरवा. तुझं म्हणणं असं की माझा डोळा पहिल्यापासून हिरव्याकडे झुकतो. हे वाक्य ध्यानात ठेव, कारण पुढची सगळी भानगड याच डोळ्याने करून ठेवली आहे.

झालं असं की, आमच्या रंगाच्या दुकानाच्या मालकांना एकाएकी आमच्या तब्येतीचा पुळका आला. सगळ्यांनी रक्त आणि लघवी तपासून घ्यायची असा हुकूम निघाला. (तुझ्यासारखं मीही म्हणालो की मला काही होत नाही. ते म्हणाले, मग तपासायला काय होतंय? यावर उत्तर सुचेना. तुला सुचलं तर कळव.) लॅबमधून प्रत्येकाला एकेक झाकणाची बाटली मिळाली. मी सकाळी उठल्याउठल्या ती इमानदारीने भरली. पण लॅब उघडणार दहाला आणि दुकान नऊला, म्हणून बाटली पिशवीत घालून आधी दुकानात गेलो आणि काउंटरच्या टोकाला ठेवली. आता तुला आमचं काउंटर ठाऊक आहे. तिथे गिऱ्हाइकांना दाखवायच्या रंगांच्या बाटल्यांची रांग असते. त्या बाटल्या आणि ही बाटली जुळ्या बहिणी म्हणून खपतील अशा.

त्याच वेळी एक निवृत्त मुख्याध्यापिका आल्या. या बाईंनी तीन दिवस माझा जीव खाल्ला होता. बैठकीच्या खोलीला पिवळा हवा, पण हा फार भडक, तो फार आजारी, असं करत त्यांनी रंगछटांची चार शेड कार्डं निकालात काढली होती. त्या दिवशी त्यांची नजर रांगेवरून फिरत फिरत टोकाला पोचली आणि मी पुढे होईपर्यंत त्यांनी बाटली उचलून उजेडात धरलीसुद्धा. म्हणाल्या, “हाच! इतके दिवस हा लपवून का ठेवला होतात?” दादा, खरं सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण बाईंनी आयुष्यभर शाळा चालवलेली. त्यांच्यासमोर ‘लघवी’ म्हणायची माझी छाती होईना. (तिसरीत असताना मास्तरांना ‘जाऊ का’ विचारायला घाबरून माझं काय झालं होतं, ते तुला माहीत आहे. ते वहिनींना सांगू नकोस.) मी एवढंच म्हणालो की ही बाटली देता येणार नाही, पण तसा रंग जुळवून देतो. आणि बसलो जुळवायला. पांढरा घेतला, त्यात पिवळा सोडला, कणभर तपकिरी घातला, पुन्हा पांढरा, पुन्हा पिवळा. असा तंतोतंत जुळला की अण्णांनी पाठ थोपटली असती. बाईंनी रंगाचं नाव विचारलं. मी म्हणालो, ‘पहिली सकाळ’. खोटं काही बोललो नाही.

या कारागिरीत साडेबारा वाजले. लॅबमध्ये पोचलो तर तिथल्या बाईंनी बाटली कधीची आहे ते विचारलं, आणि ऐकून म्हणाल्या की ही शिळी झाली, ताजी लागेल. ताजी म्हणजे तिथल्या तिथे! आता ही गोष्ट मागितली की येत नाही, हा अनुभव तुलाही असेल. बाकावर बसून पाणी पीत राहिलो. समोर आठ माणसं माझ्याकडे अशा आशेने बघत होती की जणू माझ्यामुळेच सगळ्यांचा नंबर अडकलाय. (अडकला होताच.) शेवटी कसंबसं जमलं.

आणि मग, दादा, बाईंनी ती पट्टी काढली. बोटभर लांब, तिच्यावर चिमुकले रंगीत चौकोन. ही लघवीत बुडवायची, मिनिटभर थांबायचं, आणि डबीवर छापलेल्या रंगांशी एकेक चौकोन जुळवायचा. अरे, शेड कार्ड! माणसाच्या आत काय चाललंय हे बघायला शेवटी आपलंच शेड कार्ड लागतं, हे बघून मला भरून आलं. त्यातला एक चौकोन प्रोटीनचा. लघवीत प्रोटीन नसेल तर तो पिवळा राहतो. जात असेल तर हिरवा होत जातो, जास्त जाईल तितका जास्त हिरवा. पिवळा आणि हिरवा! मी खुर्ची पुढे ओढली.

बाईंनी घड्याळ बघितलं, पट्टी डबीला लावली, ‘काही नाही’ म्हणाल्या आणि तसं लिहायला लागल्या. मी म्हणालो, बाई, थांबा, हा पिवळा नाही. त्या म्हणाल्या, पिवळाच आहे. मी म्हणालो, पिवळ्यात हिरव्याचा एक थेंब पडलाय. तुमच्या टेबलावर पिवळा दिवा आहे, त्याखाली हिरवटाचाही पिवळा होतो, रंग बघायचा तर दिवसाच्या उजेडात बघा. मी हे इतक्या जोरात म्हणालो की बाकावरची आठही माणसं उठून आत आली. एक म्हणाले पिवळा, एक म्हणाले पोपटी, एक आजी म्हणाल्या की त्यांना काही दिसत नाही पण हे गृहस्थ खरं बोलतायत असं वाटतं. बाई मात्र भल्या. मिनिट उलटून गेलेली पट्टी चालत नाही म्हणाल्या, नवी काढली, बुडवली, आणि मोठ्याने आकडे मोजत आम्ही सगळे पायऱ्यांवर आलो. साठ म्हणताक्षणी पट्टी डबीला लावली. लख्ख उजेड होता. बाईंनी आधीचं खोडलं, डबीवरच्या दुसऱ्या, हिरवट चौकोनासमोरची खूण लिहिली, आणि म्हणाल्या, “काका, डोळा आहे तुमचा.”

काय सांगू तुला! आठ माणसांसमोर सिद्ध झालं की माझा डोळा झुकत नाही. मी सगळ्यांशी हात मिळवले. घराच्या निम्म्या वाटेवर आलो तेव्हा चाल जरा मंदावली. आपण नक्की काय जिंकलो, याचा विचार तेव्हा पहिल्यांदा डोक्यात आला. अरे, स्वतःच्या हाताने पायावर धोंडा पाडून घेतला आणि धोंड्याचा रंग बरोबर ओळखला म्हणून शेखी मिरवत निघालो होतो! तुझ्या भावजयीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं की वाद जिंकायला दुसरं काही मिळालं नाही का. मग तिने ताटातलं मीठ उचलून आत नेऊन ठेवलं, ते अजून बाहेर आलेलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगतो. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की पट्टीवर एकदा हिरवं दिसलं म्हणून लगेच काही ठरत नाही. ताप आला, फार धावपळ झाली तरी तसं दिसतं. म्हणून सकाळची पहिली लघवी नीट मोजायला पाठवली, काही आठवड्यांनी पुन्हा पाठवली. दोन्ही वेळा प्रोटीन थोडं जास्तच निघालं. त्यांनी समजावलं ते मला पटलं, कारण ते आपल्याच धंद्यातलं आहे: आपण रंग फडक्यातून गाळतो, फडकं धड असलं की जे वर राहायला हवं ते वर राहतं, आणि विरायला लागलं की ते हळूच खाली उतरतं. मूत्रपिंडाचं तसंच. फडकं विरतंय हे आत्ता कळलं तर जपता येतं. भोक पडल्यावर कळून उपयोग नाही, आणि भोक पडेपर्यंत दुखत मात्र काही नाही, फार तर पायांना सूज येते. माझा रक्तदाबही वर चढला होता, ते मला ठाऊकच नव्हतं. रोज एक गोळी चालू आहे, खारे दाणे बंद आहेत, आणि परवा तीन महिन्यांनी मोजलं तर प्रोटीनचा आकडा उतरलाय. मी खूश आहे. जेवण बेचव आहे, पण मी खूश आहे.

डॉक्टरीणबाईंकडून घरी आल्यावर त्या दिवशी मला अण्णांचे पाय आठवले. शेवटच्या वर्षी आपण दोघं दोन बाजूंना बसून चेपायचो आणि अंगठा दाबला की खळगा पडून तसाच राहायचा. आपण म्हणायचो, दिवसभर शिडीवर उभं राहून सुजतात. त्यांना कुणी पट्टी लावली नाही रे. आपल्याला माहीतच नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि ते तुझ्याशिवाय कुणाला सांगावं ते कळेना, म्हणून हे पत्र.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार, पोराटोरांना आशीर्वाद. दरवाजा हिरवा होता.

तुझा,
धाकटा

ता.क. मुख्याध्यापिकांनी खोली रंगवून झाल्यावर मला मुद्दाम बघायला बोलावलं. चारी भिंतींच्या मधोमध बसवून विचारलं, कसं वाटतं? मी म्हणालो, घरच्यासारखं वाटतं. आता त्यांच्या बहिणीलाही तोच रंग हवाय.

ता.क. दुसरा. पत्राबरोबरच्या पुडक्यात काय आहे ते तू एव्हाना उघडून बघितलं असशील. पट्ट्यांची डबी आहे, न फोडलेली. खरं तर पत्र त्या डबीसाठीच लिहिलंय. नऊ वर्षं तुला साखर आहे आणि तू एकदाही लघवी तपासलेली नाहीस. आता तुझ्या भाषेत बोलतो. माझा डोळा हिरव्याकडे झुकतो ना? मग तू स्वतः बघ. सकाळी, अंगणात, साठ आकडे मोजून. चौकोन पिवळा राहिला, तर दरवाजा पिवळा होता असं मी कागदावर सही करून देईन. लागली पैज?

ता.क. तिसरा. पाकीट चिकटवून झालं होतं, ते वाफेवर धरून पुन्हा उघडलंय. तुझ्या भावजयीला पैज वाचून दाखवली तर ती म्हणाली, तुम्हाला अक्कल आहे का? पिवळं दिसलं तर जिंकलात असं सांगितल्यावर भाऊजींना पिवळंच दिसणार. पट्टी कडुनिंबाच्या पाल्यासारखी हिरवी झाली तरी पिवळीच दिसेल. बरोबर आहे तिचं. मी तुला ओळखतो, मीही तसाच आहे. तेव्हा पैज रद्द. आणि पिवळी दिसली तरी तिथे थांबू नकोस. थोडं थोडं जाणारं प्रोटीन पट्टीला दिसत नाही, वहिनींना घेऊन डॉक्टरांकडे जा आणि मोजून घे. चपला घालून जा, त्याही दाखव.

आणि दादा, दरवाजा पिवळा होता. खाली सही करतोय. आता जिंकण्यासारखं काही उरलेलं नाही, तेव्हा पट्टी नीट बघ.