काकांचं डुक्कर आधी

१८ नोव्हेंबर
दोन दिवस बसमध्ये हाडं खिळखिळी झाली, पण पोचले एकदाची. कारखान्यातून सुट्टी मोजून सहा दिवस! परवा कुशी, आमचं नवं वर्ष. आईने मका-बटाटे घालून पोसलेलं काळं डुक्कर कौतुकाने दाखवलं.

२० नोव्हेंबर
सण आज, आणि डुक्कर अजून उभंच. पहिलं डुक्कर थोरल्या घरी कापायचं, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाकडे, शाहाकाकांकडे. तोवर वाडीतल्या बाकी सहा घरांनी सुरीला हात लावायचा नाही. काका म्हणतात, आज दिवस बरा नाही!

बाबा धुमसतायत. बांधावरून भांडण झालं तेव्हापासून, चार वर्षं, दोघं भाऊ बोलत नाहीत. "मला छळायलाच करतोय," हे बाबांचं तुणतुणं. मग आपण कापून मोकळे होऊ, म्हटलं तर माझ्यावरच डाफरले — थोरल्याच्या आधी? म्हणजे भावाशी बोलायचं नाही, पण मान मोडायचा नाही. डोकं फिरायची वेळ आलीये.

२१ नोव्हेंबर
काकांचा निरोप — उद्या बघू. पलीकडच्या उतारावरच्या वाडीतून भाजलेल्या मांसाचा वास येतोय. आम्ही उकडलेले बटाटे खातोय.

२२ नोव्हेंबर
राहवेना. तरातरा काकांकडे गेले, चांगलं सुनावायचं म्हणून. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात. दाराशी डुकराचं खोपट — रिकामं. आतलं गवतसुद्धा वाळलेलं.

डुक्कर दोन महिन्यांपूर्वीच तापाने मेलं, काकांनीच सांगितलं. थोरल्याने कुणाच्या दारात जाऊन कसं मागायचं, म्हणून रोज नवं कारण. त्यांनी कुट्टूची भाकरी पुढे केली, ती खाल्ली.

निघताना म्हणाले, "आगा, तुझ्या बापाला कळू देऊ नकोस. हसेल तो."

घरी आले आणि सांगून टाकलं. इतकी चिडले होते — सगळ्यांवरच. बाबा हसले नाहीत. उठून बाहेर गेले.

२३ नोव्हेंबर
सकाळी बाबांनी आमच्या डुकराला दोर लावला आणि ओढत काकांच्या अंगणात नेलं. "दादा, तुझं आधी." चार वर्षांनी एवढंच.

तिथेच कापलं. भटजींनी — आमच्या बिमोंनी — पित्ताची पिशवी वर धरली. टच्च भरलेली. ज्या घरच्या डुकराची पिशवी अशी भरलेली, त्या घराचं वर्ष चांगलं. बाबा म्हणाले, "तुझं वर्ष चांगलं जाणार, दादा."

आमचं कसं जाणार, ते यंदा कुणी पाहिलंच नाही.