वाढदिवसाचे फायटर

१२ जाने., सोम.
कडाक्याची थंडी. गच्चीवरच्या खोलीत हीटर लावूनही दोन नर मासे तळाशी बसलेले. पाण्यात बदामाची वाळकी पानं टाकली, या माशांना मानवतात. सौ. म्हणाली, माझ्यासाठी एवढं केलं असतं तर...  पुढचं मला पाठ आहे.
लेक पूर्वा पाळून विकते ते फायटर मासे (ती बेट्टा म्हणते) आता परभणीभर ठाऊक. नवऱ्याचं घर सोडून आली तेव्हा पोरगी चार महिने कुणाशी बोलत नव्हती. या माशांनी तिला माणसात आणलं. हे मला विसरून चालणार नाही.

१४ जाने., बुध. संक्रांत
जिंतूर रोडचे गुत्तेदार, बांधकामाची कंत्राटं घेणारे, तिळगूळ घेऊन आले. मुलाचा पहिला वाढदिवस १ फेब्रु.ला. प्रत्येक पाहुण्याला जाताना एक फायटर द्यायचा, छोट्या बाटलीत. शंभर नर पाहिजेत. विचारलं, पाणी कोण बदलणार?
"घेणारा बघल की अप्पा. मेला तर मेला, मासाच हाय."
माझ्या तोंडात तिळगूळ होता म्हणून गुत्तेदार वाचले. पू. मात्र हरखली. एवढं मोठं काम पहिल्यांदाच.

१७ जाने., शनि.
डोक्यात तेच. मी तरी जन्मभर काय केलं, मासेच वाटले. हिवताप विभागाच्या नोकरीत डासांच्या अळ्या खायला गप्पी मासे सोडायचे. गावं बोरी, झरी, चारठाणा. विहिरी, हौद. सायकलला कॅन, आणि रविवारी दांडीवर पू., सहा-सात वर्षांची. बोरीत एक म्हातारी हमखास अडवायची, "सायेब, लेकराला च्या चालतो का?" आणि बशी पुढे. पू. हौदात वाकून बसायची. एक मासा सोडला की हलायची नाही. "अप्पा, एकटा न्हाई सोडायचा. त्याला जोडीदार टाका." टाकायचो. मासे कुणाचे, असं कधी कुणी विचारलं नाही.
काय दिवस होते. आठवलं की फार बरं वाटतं आणि लगेच फार वाईट.

१९ जाने., सोम.
तिला बोरीची आठवण करून दिली. बाटल्या धूत होती.
"अप्पा, हे दोघं एका जागी ठेवले तर एकमेकाला फाडतेत. तुमाला म्हाईत हाय की."
माहीत आहे. एकटं राहणं त्यांच्या जातीतच. पण बाटली एवढीशी, ती आपण निवडलेली. तेही बोललो.
"मग न्हाई म्हणू? आपुन न्हाई दिले तर पुण्याहून मागवतील."
 फडकं घेऊन बाटल्या पुसत बसलो.

२४ जाने., शनि.
निळ्या नराने फेसाचं घरटं केलंय. पिल्लू खाली घसरलं की तोंडात धरून परत वर नेऊन ठेवतो. मादीला त्याने हाकललं, सगळं एकट्याने. बघता बघता चहा गार झाला. विचारलं, हा पण बाटलीत जाणार का?
"हा न्हाई," पू. म्हणाली. मग थांबून, "याच्या पोरांचं विचारू नका."
म्हणजे तिलाही टोचतंय.

१ फेब्रु., रवि.
संध्याकाळी लॉनवर गार वारा. पाहुण्यांनी बाटल्या घेतल्या, फोटो काढले. कौतुकही झालं. उठून गेले तेव्हा कितीतरी बाटल्या खुर्च्यांखाली, जेवणाच्या टेबलांवर, हात धुवायच्या बेसिनपाशी. एकीत कुणीतरी भात टाकलेला. भूक लागली असेल म्हणून, दुसरं काय.
 पू. वाकून एकेक उचलायला लागली. मीही.
गुत्तेदार म्हणाले, "ऱ्हाऊ द्या की, सकाळी झाडणारे येतेत."
 घरी येईस्तोवर मनातल्या मनात येतील तेवढ्या शिव्या घातल्या.

२ फेब्रु., सोम.
छत्तीस परत आणले होते. पाच थंडीने गेले. एकतीस आहेत. सौ.ने न मागता रिकाम्या बरण्या काढून दिल्या, मोठ्या, काचेच्या.
दुपारी फोन. काल वाढदिवसाला आलेले कुणी गृहस्थ, मुलीच्या साखरपुड्याला पन्नास पाहिजेत म्हणे. पू.ने फोनवर हात ठेवला.
"अप्पा, काय सांगू?"
नाही म्हण, हे अगदी ओठावर होतं. पण धंदा तिचा, आणि हे सुटलं तर ती कशाला धरून उभी राहील, मला ठाऊक नाही. मलाच भीती वाटली. म्हणालो, पाळणार कोण, एवढं विचार.
विचारलं तिने. पलीकडचा आवाज मलाही ऐकू आला. "पाळायचे कुठं हायत ताई? वाटायचेत नुस्ते."
"उद्या सांगते," म्हणून तिने फोन ठेवला.
तेव्हापासून बरण्यांचं पाणी बदलतेय.  उद्या काय सांगणार, हे मी विचारलेलं नाही.