प्लेटवरचं प्लास्टिक

दहिवली, मंगळवार, दिवेलागण

आज पुन्हा गिऱ्हाइकाच्या बंगल्याचं थ्रीडी चित्र अर्धवट असताना कॉम्प्युटर बंद पडला. आतलं चित्रांचं ग्राफिक्स कार्ड तापतं. दीर म्हणतो, कार्डामागची धातूची प्लेट काढ, ती उष्णता कोंडते. दुकानदार म्हणतो, उलट तीच उष्णता बाहेर काढते. कोणाचं ऐकू? कंटाळा आलाय.

शेवटी कॉम्प्युटर उघडला, तर प्लेटवर कंपनीचं प्लास्टिक तसंच! सासूबाईंना विचारलं.

"नवं ऱ्हावं म्हनून मीच ठेवाय लावलं गं."

आमच्याकडे रिमोटवर प्लास्टिक, फ्रिजवर प्लास्टिक. हे मात्र मी सोललं. कार्ड थोडं निवलं. थोडंच. म्हणजे दुकानदार खरा? असेल.

इतक्यात शेजारीण कोणा पाहुणीला घेऊन आली. सासूबाई माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "ही आमची नवी सून."

लग्नाला नऊ वर्षं झाली.