तोंड बाहेर करून लावलेली गाडी

दादा,

बाबांची स्पोर्ट्स सेडान काढून नवी घ्यायची का, हा वाद आता पुरे. गिऱ्हाईकाला मी नको म्हणून कळवलंय. चिडण्याआधी गॅरेजमध्ये जाऊन बघ. काल मी ती नेहमीसारखी सरळ आत घातली होती. सकाळी पाहते तर रिव्हर्स घेऊन, तोंड बाहेर करून लावलेली. बाबा गेल्यापासून तिला तसं कुणी लावलेलं नाही. सीटही त्यांच्या लांब पायांना लागायची तेवढी मागे. तूच असशील म्हटलं, पण दोन्ही किल्ल्या माझ्या पर्समध्ये होत्या. बॉनेटला हात लावला, तर गरम.

मी बसने कामाला जातेय, किल्ल्या माझ्याकडेच आहेत. संध्याकाळी गॅरेज रिकामं दिसलं तर पोलिसांत जाऊ नकोस. जेवायच्या वेळेला बाबा कधी बाहेर राहिले नाहीत.

छोटी